एकाही टीव्हीला आवाज नाही

५ मार्च, मंगळवार

ही वही हिने पत्ते आणि फोन नंबर लिहायला आणली होती. आजपासून ती माझी. टीव्हीच्या दुकानाशी माझं भांडण होणार हे नक्की, आणि परक्या देशात भांडायचं तर सगळं तारीखवार लिहून ठेवलेलं बरं. नुसत्या तोंडाच्या वाफेला इथे कोणी विचारत नाही.

तर घडलं ते असं. शनिवारी, २ तारखेला, आम्ही बत्तीस इंची चपटा टीव्ही घेतला. भिंतीवर टांगलेल्यांत सगळ्यात स्वस्त. आमच्या ऐपतीत तोच बसत होता, बाकीच्यांकडे मी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. मला टीव्हीची हौस नाही. मालिका बघत लोळणाऱ्यांतला मी नव्हे. टीव्ही घेतला तो आईसाठी.

दर रविवारी सकाळी दहाला मी आईला व्हिडिओ कॉल लावतो. ही त्या वेळी लॉन्ड्रीत कामावर असते, त्यामुळे घरात मी एकटा. तळहाताएवढ्या फोनवर आई येते, आणि आईचं दिसतं काय? कान. फोन म्हणजे तो कानालाच लावायचा, चित्र दिसो न दिसो, हा तिचा कायदा. शंभरदा सांगितलं, आई, समोर धर. दोन क्षण धरते, की पुन्हा कानाला. त्यात तिचे दात गेलेत आणि आवाज पार बसलाय. गेल्या वर्षभरात तिचं एक अक्षर मला धड कळलेलं नाही. शेवटी मी म्हटलं, फोनवरचं टीव्हीवर घेता येतं म्हणतात, तर घेऊ. चित्र मोठं, आवाज मोठा. कुठलं बटण दाबायचं ते हिने दाखवून ठेवलं.

रविवारी दाबलं. बत्तीस इंची कान दिसला. आणि आवाज? पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. आवाज येतो, शब्द येत नाहीत. शेवटी नेहमीप्रमाणे 'हो आई, हो, बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. 'काय? काय? परत बोल' करत बसलं की तिला वाटतं आपलंच काही चुकतंय, आणि ती रडकुंडीला येते. हो म्हटलं की भागतं. आई लेकाला विचारून विचारून विचारणार काय? जेवलास का, बरा आहेस का. दोन्हीचं उत्तर हो.

टीव्ही शनिवारी परत नेणार.

९ मार्च, शनिवार

नेला. खोकं मी पोटाशी धरलं होतं. बसमधून उतरताना धडपडलो, तर ही म्हणते, "मागून सांगत होते की, पायरी आहे म्हणून." पुटपुटून सांगितलं की सांगितलं होत नाही.

दुकानात विक्रीच्या टेबलाशी पन्नाशीची एक बाई असते, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने टीव्ही लावून बघितला आणि म्हणाली, "आवाज ठीक आहे की."

मी म्हटलं, "बाई, एकोणीस वर्षं मी प्रेस शॉपमध्ये काढलीत. पत्रा कापताना मशीन धडधाकट आहे की दुखतंय, ते मी आवाजावरून सांगतो. मला आवाज शिकवू नका."

मग तिने पवित्रा बदलला. म्हणे चपट्या टीव्हीत जागाच नसते, स्पीकर भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात, हवा तर वेगळा स्पीकर घ्या. म्हणजे आधी मुका टीव्ही विकायचा आणि मग त्याचं तोंड वेगळं विकायचं! नाचता येईना अंगण वाकडं. मी टेबलावर हात आपटला. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, बघू देत. ही माझी बाही ओढत होती. अखेर वर थोडी भर घालून चाळीस इंची घेतला, कारण बाईच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा आवाज जरा भारदस्त आहे.

परतताना ही काहीतरी सांगायला तोंड उघडत होती, मी हात वर करून थांबवलं. विषय मला माहीत आहे. गेल्या वर्षी हिने एकदा काढलं होतं, "तुम्हाला कमी ऐकू येतं, एकदा कान दाखवून येऊ." त्यानंतर मी चार दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. बावन्न म्हणजे काही म्हातारपण नाही. आणि इथे राहण्याचा परवाना कामाला बांधलेला. काम गेलं की परवाना गेला, परवाना गेला की आम्ही गेलो. असले विषय घरातसुद्धा काढू नयेत.

१० मार्च, रविवार

चाळीस इंची कान. आवाज साठावर ठेवला. शंभरापर्यंत जातो, म्हणजे मी काही फार मोठा ठेवला नव्हता. तरी तेच. आईने एकच गोष्ट तीन-चारदा विचारली, एवढं चढउतारावरून लक्षात आलं. मी म्हटलं, "हो आई, हो." त्यावर तिकडूनच फोन बंद झाला.

थोड्या वेळाने दाराखालून चिठ्ठी सरकली. शेजाऱ्याची. 'आवाज कमी करा. मी भिंतीवर तीनदा ठोकलं.' तीनदा ठोकलं असतं तर मला ऐकू आलं नसतं? उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि याला तर जीभसुद्धा उचलावी लागली नाही, कागदावर लिहून मोकळा.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा मेसेज. 'दादा, तू आईला दिलेलं उत्तर कळलं. मला वाटलंच होतं. महिनाअखेर करते काय ते.'

कुठलं उत्तर? काय करते? या घरात मला कोणी नीट काही सांगत नाही. विचारणार होतो, पण कसं विचारू? आईने काहीतरी सांगितलं, मी हो म्हटलं, आणि आता कशाला हो म्हटलं ते मीच विचारायचं? नुसतं 'बरं' लिहून पाठवलं.

धाकटी पहिल्यापासून अशीच फणकारणारी. नवऱ्याने टाकल्यापासून ती आईजवळ राहते. डिसेंबरात आईने घराची पुढची खोली तिला शिवणवर्गाला दिली. ती खोली खरं तर माझी. मी कायमचा परतलो की आम्ही दोघांनी तिथे राहायचं, असं ठरलेलं. आईने आधी विचारलं नाही. धाकटीने कळवलं, 'आईने खोली मला दिली, चालेल ना?' मी तेव्हाही 'बरं' लिहिलं होतं. जरा लागलं मनाला, खोटं कशाला लिहू. पण दोन दिवसांत विसरलो. चार शिलाई मशिनं आहेत, सात-आठ मुली शिकायला येतात, तिचं पोट चाललंय. मला इथे बसून त्या खोलीचं काय लोणचं घालायचंय?

१३ मार्च, बुधवार

दुष्काळात तेरावा महिना. चार नंबरच्या मशीनची डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, तडकली, आणि मशीनवर मी होतो.

मुकादम म्हणतो, तडकण्याआधी पाव तास ती कुरकुरत होती, पलीकडच्या रांगेत ऐकू गेलं, तुला कसं नाही गेलं? मी म्हटलं, कुरकुरली असती तर सगळ्यात आधी मला कळलं असतं. हल्लीचे नवे लोक कानांवर ते मोठाले रक्षक चढवून उभे राहतात. मी माझे पहिल्याच आठवड्यात खिळ्याला टांगले, ते अजून तिथेच आहेत. कान झाकले तर मशीनचं दुखणं कळणार कसं? आमच्या वेळच्या सगळ्या जुन्या कारागिरांनी टांगले होते. त्याला कारागिरी म्हणतात.

तसंही आमच्यात कोणी कानाने बोलत नाही. मूठ दाखवली की थांब, दोन बोटं म्हणजे चहा, आणि बाकीचं ओठांवरून. तीस फुटांवरून मुकादम कोणाला काय शिव्या देतोय ते मी अक्षर न अक्षर सांगतो. आज मला देत होता.

उद्यापासून पॅकिंगला जा म्हणाला. एकोणीस वर्षांनी खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या. घरी येऊन सांगितलं तर हिने ताट वाढलं आणि माझ्याकडे बघत बसली. एरवी भांडते तरी.

१६ मार्च, शनिवार

तिसऱ्यांदा दुकान. आम्हाला दारात बघूनच त्या चष्म्याच्या दोरीवाल्या बाईचा चेहरा पडला. मी खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "हाही मुका."

तिने एक त्रेचाळीस इंची काढला. नमुन्याचा म्हणून मांडून ठेवलेला, चौकटीला ओरखडा, म्हणून किंमत उतरवलेली. आमच्या आवाक्यात कसाबसा येत होता. आवाज तिने असा मोठा करून दाखवला की टेबलावर ठेवलेला माझा हात थरथरला. मी म्हटलं, आता कसं!

मग तिने एक विचित्र प्रकार केला. टीव्ही बंद केला आणि मला म्हणाली, "जरा त्या भिंतीकडे वळून पाटीवरचे आकडे बघता का?" मी बघत उभा राहिलो. आकडे बघून झाले. बराच वेळ काहीच होईना. वळलो, तर बाई माझ्या मागे दोन हातांवर उभी, ही तिच्या शेजारी, आणि दोघी माझ्याकडे अशा बघतायत की जणू मी खिशात काही घातलंय.

बाई माझ्या समोर येऊन एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "हा घेऊन जा. पण आवाजासाठी हा परत आणू नका. दोष याच्यात नसेल."

"मग कोणात असेल? माझ्यात?"

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पावती करायला घेतली. गिऱ्हाइकाशी वागायची ही पद्धत! तक्रार कोणाकडे करायची ते विचारून ठेवणार आहे.

बसमध्ये ही खिडकीकडे तोंड करून रुमालाने डोळे टिपत होती. सलग दोन पाळ्या केल्यात हिने या आठवड्यात, दमली असेल.

१७ मार्च, रविवार

त्रेचाळीस इंची कान. आवाज ऐंशीवर. शब्द नाहीत ते नाहीतच. पण चित्र असं लख्ख की कानाच्या पाळीवरच्या सुरकुत्या मोजाव्यात. आणि पाळीत भोक. नुसतं भोक!

आईच्या कानातलं गेलं कुठे? सोन्याची ती फुलं माझ्या जन्माआधीपासून तिच्या कानात आहेत. आंघोळीलासुद्धा काढत नाही. मी ओरडून विचारलं, "आई, कानातलं कुठेय?" ती बोलली काहीतरी, बरंच बोलली. मी म्हटलं, "बरं, बरं, हो."

फोन ठेवल्यावर धाकटीला लिहिलं, 'आईच्या कानातल्याचं काय केलंस?'

२० मार्च, बुधवार

तीन दिवसांनी बाईसाहेबांचं उत्तर आलं. 'आईने विकलं. मला बाहेर जागा भाड्याने घ्यायला. मी नको म्हणत होते. ३१ ला मशिनं हलवते, मग खोली मोकळी.'

वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हे चाललंय! आईने राहायला जागा दिली, धंद्याला खोली दिली, आणि आता धाकटीला बाहेर दुकान थाटायचंय. त्यासाठी म्हातारीच्या कानातलं सोनं उतरवलं. आणि वर 'मी नको म्हणत होते'. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे. वर्ग चांगला चालला होता, मुली येत होत्या, माझी काही हरकत नव्हती. मग कशाला उठायचं तिथून? आई एकटी पडेल याचा विचार नाही.

मी लिहिलं, 'जा. खुशाल जा.'

तिने वाचल्याची खूण आली.

२४ मार्च, रविवार

आज आई फार थोडं बोलली. दोन-तीन शब्दांचं काहीतरी, मग थांबली. पुन्हा तेच दोन-तीन शब्द. मी धाकटीवरच्या रागात होतो. म्हटलं, "हो आई, हो. मला सगळं कळलंय." फोन तसाच कानाला होता, पण पडद्यावर कान हलायला लागला. हात थरथरत असेल तिचा. वय झालं.

तिथून निघून आल्याचा मला पश्चात्ताप होत नाही असं मी सगळ्यांना सांगतो. आज झाला.

२८ मार्च, गुरुवार

पॅकिंग. खोकी, चिकटपट्टी, खोकी. खोकी कुजबुजत नाहीत एवढं बरं. जेवणाच्या सुट्टीत जुने साथीदार दुसऱ्या टेबलावर बसतात. मी गेलो की गप्प होतात, किंवा मलाच तसं वाटतं.

ही म्हणाली, रविवारची पाळी तिने बदलून घेतली आहे, या वेळी आईशी तीही बोलणार. म्हटलं, बोल. तुझ्या धाकट्या नणंदेलाही दोन शब्द सुनाव.

३१ मार्च, रविवार

आजचंही लिहितो. तारीखवार लिहायचं ठरवलं होतं ना.

दहाला कॉल लावला. ही शेजारी खुर्ची ओढून बसली. आज कान नाही आला. खोली आली. फोन धाकटीच्या हातात होता आणि ती खोली फिरवून दाखवत होती. भिंतीवर रिकामे खिळे. जमिनीवर चार ठिकाणी मशिनांच्या पायांचे डाग. मग दारातून बाहेर, टेम्पोत दोरीने बांधलेली चारही मशिनं. धाकटीचा चेहरा रडून सुजलेला. तोंड हलत होतं, पण ती फोन इतका हलवत होती की मला ओठ सापडेनात.

ही ताडकन उठली. टीव्हीकडे बघून काहीतरी विचारलं, तिकडून उत्तर आलं, पुन्हा विचारलं. मी "काय म्हणतेय? काय म्हणतेय?" करत राहिलो. मग हिने माझं तोंड दोन्ही हातांत धरून स्वतःकडे वळवलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं कधी धरलं नव्हतं.

"त्या म्हणतात, तुम्हीच सांगितलंत."

"मी? मी काय सांगितलं?"

"जानेवारीपासून दर रविवारी आई तुम्हाला विचारतायत. खोली हिला दिली म्हणून तू रागावलायस का? आणि दर रविवारी तुम्ही हो म्हणता."

मी म्हटलं, खोटं. साफ खोटं. आईला दाखव, फोन आईसमोर धर. कानाला नाही, समोर! धाकटीने धरला.

त्रेचाळीस इंचांवर आईचा चेहरा आला. वर्षभरात मी तो असा समोरून बघितलाच नव्हता. केवढी वाळलीय. दात नाहीत, तरी ओठ हलले तेव्हा मी वाचले, प्रेस शॉपमध्ये वाचतो तसेच, अक्षर न अक्षर.

"अजून आहे का रे राग?"

महिनाभर मी दुकानावर रागावलो, शेजाऱ्यावर, मुकादमावर, हिच्यावर, धाकटीवर. मागची पानं आत्ता चाळली, एकही माणूस सोडलेला नाही. एकट्या आईवर मी रागावलो नव्हतो. आणि तिलाच बारा रविवार सांगत होतो की हो, आहे.

मी म्हटलं, "नाही."

आई नुसतीच बघत राहिली. तिला ऐकू गेलं नसावं, किंवा खरं वाटलं नसावं. तिने धाकटीच्या हातातून फोन घेतला आणि नीट ऐकायला म्हणून पुन्हा कानाला लावला. पडदाभर कान. पाळीला ते रिकामं भोक.

त्या कानात मी ओरडलो, "नाही, आई. राग नाही. कधीच नव्हता. मशिनं आत घ्या. धाकटे, मशिनं आत घे."

कान हलला नाही. मी पुन्हा ओरडलो. ही माझा खांदा धरून सांगायला लागली की शेजारी ठोकतोय. मी उठून भिंतीला तळहात लावला. खरंच ठोकत होता.

हात तसाच भिंतीवर ठेवून मी आईला आणखी एकदा सांगितलं.